अक्षराच्या पोटातली जागा

मोबाइलवर 'किती' टाइप करा. त्याखाली 'स्थिती' टाइप करा. आता अक्षरं मोठी करून फक्त पहिल्या वेलांटीच्या कमानीकडे बघा. फॉन्ट चांगला असेल तर 'किती'तली कमान आखूड दिसेल आणि 'स्थिती'तली चांगली लांब. वेलांटी तीच, कळ तीच, तरी माप वेगळं. कमानीचं टोक अक्षराच्या दांड्यावर येऊन टेकायला हवं, आणि 'क'चा दांडा जवळ असतो, 'स्थ'चा लांब. संस्कृत वळणाने 'राष्ट्रिय' लिहायचं तर ती आणखी ताणावी लागते. म्हणजे कुणीतरी बसून या एका वेलांटीची वेगवेगळ्या लांबीची रूपं काढली आहेत. कुठल्या अक्षराआधी कुठलं रूप उभं करायचं याचे नियमही लिहून फॉन्टमध्ये भरले आहेत. आपण रोज शेकडो वेलांट्या वाचतो आणि त्यातली एकही आपल्या नजरेत भरत नाही. ती भरू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप!

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींशी बोललं की करिअर म्हणून लोगो, पॅकेजिंग, पोस्टर, ॲप, सोशल मीडिया अशी यादी ऐकू येते. ती बरोबरच आहे, पोट त्यावरच चालतं. पण या धंद्यातला सगळ्यात नवलाचा कोपरा कुठला असं मला कुणी विचारलं तर मी अक्षराकडे बोट दाखवीन. लोगो असो की औषधाची बाटली, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ असो की लोकल गाड्यांचा इंडिकेटर, सगळ्याच्या बुडाशी अक्षर असतं. गेल्या दीडशे वर्षांत हत्यारं तीनदा मुळापासून बदलली. पोलाद गेलं, शिसं गेलं, फोटोटाइपसेटिंग आलं आणि गेलं, संगणक आला. टिकून राहिली ती अक्षराकडे बघण्याची नजर. ज्या माणसांनी ती कमावली त्यांची आयुष्यं वाचताना, या क्षेत्रात समाधान कशाने मिळतं याचा बराचसा उलगडा होतो.

जावजी दादाजींपासून सुरुवात करू. जन्म १८३९. घरची गरिबी, शाळा बेताची. लहान वयातच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. साच्यातून निघालेल्या शिशाच्या खिळ्याला कडेने जास्तीचं शिसं चिकटलेलं असतं, ते घासून खिळा चारही बाजूंनी सरळ करायचा, की पुढचा घ्यायचा. कामात कसलीही कला नाही. पण जो मुलगा दिवसभर शेकडो उलटी अक्षरं बोटांत फिरवतो त्याला 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक डोळे मिटूनही कळू लागतो. पुढे त्यांनी आणखी छापखान्यांत उमेदवारी केली, १८६४ मध्ये स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. तिथली अक्षरं कोरणारे कसबी कारागीर होते राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचं वळण इतकं नेटकं होतं की मराठी पुस्तकंच काय, देशभरचे संस्कृत ग्रंथही त्या टाइपात छापलेले लोक मुद्दाम शोधून घेत. जुन्या वाड्यात एखादी जाड संस्कृत पोथीसारखी छापील प्रत सापडली तर शेवटचं पान जरूर बघा, मुंबईचं हे नाव निघण्याची शक्यता चांगली आहे.

खिळा कसा बनायचा ते ऐकण्यासारखं आहे. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटं आणि उठावाचं कोरायचं. हा पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात अक्षराचा खळगा उमटतो. त्या खळग्यावर साचा बसवून वितळलेलं शिसं ओतलं की खिळा तयार. एका पंचातून हजारो खिळे निघतात, म्हणून सगळा जीव त्या पंचात. आता 'व'चा पंच कोरायचाय असं समजा. 'व'च्या पोटात जी गोल पोकळी आहे ती पोलादातून खोदून काढणं महाकठीण, कारण जागा तिळाएवढी. मग पंच कोरणारे एक युक्ती करत. आधी त्या पोकळीच्याच आकाराचा दुसरा पंच बनवायचा, तो कांडीवर ठोकून पोट पाडून घ्यायचं आणि त्यानंतर बाहेरून अक्षर तासत आणायचं.

म्हणजे आधी रिकामी जागा घडायची, अक्षर नंतर तिच्याभोवती.

आपल्याला शाळेत उलट शिकवलेलं असतं. पेन्सिलीने रेघ ओढायची, रेघ म्हणजेच अक्षर. पण वाचणाऱ्या डोळ्याला काळ्याइतकंच पांढरंही दिसत असतं, आणि बहुतेक बिघाड पांढऱ्यात होतात. 'व'च्या पोटातली जागा 'ब'च्या पोटात तिरक्या रेघेने कापली जाते, 'क'मध्ये ती दोन्ही बाजूंना वाटली जाते, 'ध'मध्ये ती अरुंद होते. ही चारही एका ओळीत आली की एक काळंभोर आणि एक फिकट दिसता कामा नये. मग 'ब'चं पोट थोडं फुगवायचं, आतली रेघ थोडी बारीक करायची, 'ध'ची गाठ हलकी करायची. पानभर मजकूर डोळे बारीक करून बघितला की सगळीकडे एकसारखा करडा दिसला पाहिजे. कुठे डाग दिसला तर त्या अक्षराचं पोट पुन्हा उघडायचं.

डोळा तर फार खोडकर. आडवी आणि उभी रेघ मोजून सारख्या जाडीची काढली तर आडवी जाड दिसते, म्हणून बहुतेक फॉन्टांत शिरोरेषा दांड्यापेक्षा किंचित बारीक असते. 'ट', 'ठ', 'ढ' यांची गोल बुडं 'प'च्या सपाट पायाच्या रेषेवर अचूक ठेवली तर ती लहान वाटतात, म्हणून ती केसभर खाली उतरवतात. दोन रेघा जिथे मिळतात तिथे शाई साठल्यासारखी दिसते, म्हणून जोडाशी रेघ चोरून पातळ करतात. पट्टी लावून बघाल तर चांगल्या फॉन्टातलं जवळजवळ काहीच 'बरोबर' नसतं. ते बरोबर दिसतं, आणि इथे दिसण्यालाच किंमत आहे.

आज पोलाद नाही, पण रेघ कशी काढतात ती गोष्टही कमी अजब नाही. संगणकावरच्या अक्षराची कड म्हणजे ठिपक्यांची रांग नसते. दोन बिंदू असतात आणि प्रत्येकाला एक अदृश्य दांडी असते. दांडी ओढाल तशी मधली रेघ वाकते. दोन बिंदू आणि दोन दांड्या एवढ्यावर संगणक सगळं वळण गणिताने काढतो, म्हणून तेच अक्षर व्हिजिटिंग कार्डावर आणि चार मजली होर्डिंगवर तितकंच धारदार राहतं. हे गणित आलं कुठून? फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांतून. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनोमध्ये पिअर बेझिए हे दोघं १९६०च्या आसपास एकाच प्रश्नाशी झुंजत होते: गाडीच्या पत्र्याचा बाक यंत्राला नेमका सांगायचा कसा? त्यातून निघालेल्या वक्ररेषा आज बेझिए या नावाने ओळखल्या जातात. मोटारीच्या बॉनेटसाठी शोधलेलं हे गणित आज 'ळ'च्या दोन वाटोळ्या काढायला कामी येतं. डिझाइनच्या पहिल्या वर्षाला पेन टूलशी मारामारी करणाऱ्या प्रत्येकाला हे सांगायला हवं, निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळेल.

इंग्रजी फॉन्ट काढणाऱ्याला मोठी आणि लहान मिळून ५२ अक्षरं, शिवाय अंक आणि चिन्हं. देवनागरीत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रांची रूपं धरली तर आकड्यांची उडी सातशे, हजार, कधी त्याच्याही पुढे जाते. आणि नुसते आकार काढून भागत नाही, त्यांना वागायला शिकवावं लागतं. 'कर्त्यांनी' हा शब्द घ्या. संगणकाच्या पोटात तो असा साठवलेला असतो: क, र, हलन्त, त, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, दुसरी वेलांटी. दहा चिन्हं. पडद्यावर येताना 'र' आपली जागा सोडतो, रफार होतो, 'त्य' ओलांडून थेट कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. तिथे अनुस्वार आधीच जागा अडवून आहे. दोघं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून रफार-अनुस्वाराचं एक वेगळं जोडरूप काढलेलं असतं, ते पुढे येतं. 'त'चा दांडा गळतो, 'य' त्याला चिकटतो. शिवाय प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, आणि ते तुकडे एकमेकांवर किंचित चढतील असे मुद्दाम जास्तीचे काढलेले असतात, नाहीतर ओळीत जागोजागी केसाएवढ्या भेगा दिसल्या असत्या. हे सगळं तुमचं बोट कळीवरून उठायच्या आत होतं.

मराठीचं आणखी वेगळं. 'दुसऱ्या'तला 'र' रफार होत नाही, तो आडवा चंद्रकोरीसारखा समोर राहतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत अर्थाचाच फरक, त्यामुळे फॉन्टला दोन्ही वळणं यायलाच हवीत. 'ल' आणि 'श' मराठीत ज्या वळणाने लिहितात, त्याच वळणाने हिंदीत लिहीत नाहीत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीच्या वर्णमालेसाठी निर्णय काढून पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांना मान्यता दिली. त्यामुळे जाणकार फॉन्टकार दोन्ही रूपं आत ठेवतो. मजकूर मराठी आहे अशी खूण संगणकाला मिळाली की आपले 'ल' आणि 'श' पुढे येतात, हिंदी असेल तर त्यांचे. एकाच फॉन्टमध्ये दोन भाषांचं घरगुती वळण गुपचूप नांदत असतं.

र. कृ. जोशींची कारकीर्द या सगळ्याच्या मधोमध येते. १९३६चा जन्म, मुंबईच्या जे. जे.मधलं शिक्षण, मग जाहिरात व्यवसाय. उल्का जाहिरातसंस्थेत ते वर्षानुवर्षं कलादिग्दर्शक होते. म्हणजे आज ज्याला 'एजन्सीतली नोकरी' म्हणतात आणि जिच्याबद्दल तरुण डिझायनर रात्री बारा वाजता कुरकुरतात, तीच नोकरी. पण त्याच काळात ते शिलालेख आणि हस्तलिखितं धुंडाळत होते, सुलेखन करत होते, कविता लिहीत होते, अक्षरांच्याच चित्रमय कविता रचत होते. १९८३च्या सुमारास ते जाहिरातीतून निघून पवईच्या आयआयटीत, आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायला गेले. तिथून निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसं संगणकाला टाळायची कारणं शोधतात त्या वयात, संगणकतज्ज्ञांच्या शासकीय संस्थेत भारतीय लिप्यांच्या कामाला बसले.

विंडोज २०००बरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट त्यांच्या देखरेखीखाली घडला. तमिळ, गुजराती, कन्नड, तेलुगू, गुरमुखी यांचे मायक्रोसॉफ्टचे सुरुवातीचे फॉन्टही त्यांच्याच दिग्दर्शनाखाली तरुण सहकाऱ्यांनी काढले. 'मंगल'ला लोक नावं ठेवतात. दिसायला साधा, रेघ एकसुरी, काहीसा सरकारी. पण तो कुठल्या पडद्यांवर उभा राहायचा होता ते बघा. त्या काळच्या मॉनिटरवर मजकुराच्या एका ओळीला जेमतेम डझन-दीड डझन ठिपक्यांची उंची मिळायची. तेवढ्यात देवनागरीचे तीन मजले बसवायचे: वर मात्रा, वेलांट्या आणि रफार, मध्ये अक्षराचं अंग, खाली उकार. जाड-बारीक रेघेची नजाकत दाखवायला ठिपकेच शिल्लक राहत नव्हते. अशा अडचणीत ज्याने प्रत्येक अक्षराचं पोट उघडं ठेवलं, त्याच्यामुळे महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी आयुष्यातला पहिला मराठी ईमेल वाचला. २००८ मध्ये जोशी गेले. त्यांची कारकीर्द कागदावर मांडली तर तीन वेगळे पेशे दिसतात. आतून बघितलं तर एकाच गोष्टीचा नाद.

आता आजच्या मुलीकडे येऊ. ती लातूरची किंवा चिपळूणची, नुकतीच डिप्लोमा करून पुण्यात नोकरीला लागलेली आहे असं धरा. पहिली दोन वर्षं तिच्या वाट्याला काय येणार? एकाच जाहिरातीची वीस मापं काढणं. प्रत्येक सणाला शुभेच्छांचं पोस्टर. 'लोगो जरा मोठा करा' हा निरोप. हे जावजींच्या टाइप घासण्याहून फार वेगळं नाही, आणि ते टळतही नाही. फरक पडतो तो हातातल्या मजकुराकडे ती किती बारकाईने बघते यावर. उदाहरण द्यायचं तर, इलस्ट्रेटरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग चालू केली नसेल तर देवनागरी कोलमडते. वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते, हलन्त उघडे पडतात, 'किल्ला' नीट उभा राहत नाही. आपल्या शहरांतले किती फलक आणि शुभेच्छापत्रं अशी मोडकी अक्षरं मिरवत उभी आहेत ते एकदा मोजायला निघा, संध्याकाळ पुरणार नाही. सॉफ्टवेअरमधली ही एक सेटिंग आणि त्यामागचं कारण जिला माहीत आहे, ती त्या ऑफिसात महिन्याभरात 'मराठीचं काम तिला द्या' या वाक्याची मालकीण होते.

आणि मराठीचं काम आता थोडंथोडकं राहिलेलं नाही. २०२२ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसतील अशा लावणं सगळ्यांना बंधनकारक केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. राजकारण ज्याचं त्याने करावं, पण डिझायनरच्या टेबलावर त्यातून एक अस्सल कोडं येऊन पडलं. एखाद्या परदेशी कंपनीचा रोमन लोगो पन्नास वर्षं घोटून तयार झालेला असतो, त्याच्या शेजारी तितक्याच तोलाची देवनागरी उभी करायची. अनेकांनी सोपा मार्ग धरला: रोमन अक्षरांचे तुकडे कापून त्यांना शिरोरेषा चिकटवली. ते बघवत नाही, आणि त्याला कारण आहे. बोरू आणि रोमन लिपीची लेखणी वेगळ्या कोनात कापलेली असते, त्यामुळे जाड-बारीक रेघांची वाटणी दोन लिप्यांत बऱ्याच अंशी उलटी पडते. एकीचे अवयव दुसरीला लावले की डोळ्याला काहीतरी खुपत राहतं, वाचणाऱ्याला नेमकं काय ते सांगता येत नसलं तरी. चांगला डिझायनर त्या लोगोचा स्वभाव उचलतो: रेघेचं वजन, कोपऱ्यांची धार, पोटातली मोकळीक. आकार मात्र देवनागरीच्या हाताने काढतो.

दोन लिप्या एकाच रेघेत कशा मिळतात याचं सगळ्यांच्या खिशातलं उदाहरण म्हणजे रुपयाचं चिन्ह. २०१० मध्ये तीन हजारांहून जास्त प्रवेशिकांतून ते निवडलं गेलं, तेव्हा ते काढणारे डी. उदयकुमार आयडीसीतच संशोधन करत होते. देवनागरी 'र'ही तो, दांडा काढलेला रोमन 'आर'ही तो, आणि वर शिरोरेषा. आज नोटेपासून वाण्याच्या बिलापर्यंत ते सगळीकडे आहे.

तरुण माणसांना एकत्र येऊन काय करता येतं हे बघायचं तर मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्टकारांच्या गटाकडे बघावं. गिरीश दळवी, नूपुर दात्ये, सारंग कुळकर्णी ही त्यातली ठळक नावं. त्यांचा 'मुक्त' हा फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो, आणि आज मराठी संकेतस्थळांवर तो पावलोपावली भेटतो. 'बलू' हा गुबगुबीत फॉन्ट त्यांनी नऊ-दहा भारतीय लिप्यांत काढला आणि वेगवेगळ्या लिप्यांतल्या अवतारांना त्या त्या भाषेतल्या भावाचं नाव दिलं. गुजराती 'बलू भाई', बंगाली 'बलू दा', तमिळ 'बलू तंबी', पंजाबी 'बलू पाजी'. फॉन्टच्या यादीत असा विनोद मी दुसरा वाचलेला नाही. पण माझा सगळ्यात आवडता 'मोदक'. सारंग कुळकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचं हे काम. देवनागरीतलं अक्षर जास्तीत जास्त किती लठ्ठ करता येईल? 'मोदक'ने उत्तर दिलं: इतकं, की पोटातली पोकळी नुसती चिरेएवढी उरावी. रेघेची हद्द संपते तिथे ती चीरच अक्षर वाचायला लावते. 'श्र', 'क्ष', 'ज्ञ' यांसारख्या गर्दीच्या अक्षरांत ती चीर कुठून न्यायची हे ठरवायला किती डोकं चालवलं असेल, याचा विचार करत मी तो फॉन्ट उगीचच मोठा करून बघत बसतो.

पैशांचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो टाळणारे लेख मला आवडत नाहीत. फक्त फॉन्ट काढून घर चालवणारी माणसं आपल्याकडे मोजकी आहेत. देवनागरीचा एक नीट फॉन्ट-परिवार उभा करायला महिने जातात, कधी वर्ष उलटतं. मिळकत तीन-चार वाटांनी येते. फॉन्टचे परवाने विकून. एखाद्या बँकेसाठी, वृत्तपत्रासाठी, फोन कंपनीसाठी खास फॉन्ट बनवून. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या पैसे देऊन मुक्त परवान्याचे फॉन्ट करून घेतात त्यातून. आणि लोगो, मुखपृष्ठं, शीर्षकं अशा रोजच्या कामातून. कमल शेडग्यांनी नोकरी सांभाळून मराठी नाटकांची शेकडो शीर्षकं हाताने काढली, आणि वृत्तपत्रातल्या दोन इंचांच्या जाहिरातीत नाटक विनोदी आहे की रक्तरंजित हे नुसत्या अक्षरांच्या वळणावरून कळायचं. हे कुणा कलादालनातलं काम नव्हतं. उद्याच्या अंकाला जायचं काम होतं, तेही आजच्या आज. बहुतेकांना असाच जोडधंद्यासारखा मार्ग धरावा लागतो आणि त्यात कमीपणा नाही. उलट ज्याच्या हाताला रोजच्या धबडग्याची सवय नाही त्याची अक्षरं मला अनेकदा प्रदर्शनापुरती वाटतात.

चित्र बनवणारी यंत्रं आल्यापासून ज्युनिअर डिझायनर धास्तावले आहेत, ते स्वाभाविक आहे. वीस मापं काढायचं काम यंत्र घेणार, घेतं आहेच. पण ही यंत्रं ज्यावर शिकतात तो मजकुराचा ढीग मुख्यतः इंग्रजीत आहे आणि फॉन्टांचाही. गूगलच्या मुक्त संग्रहात रोमन फॉन्टांचे परिवार हजारावर आहेत, देवनागरीचा वाटा त्यात अगदी लहान. मराठीत बालसाहित्याला शोभेलसा मऊ फॉन्ट हवा, कोर्टाच्या निकालपत्राला गंभीर हवा, औषधाच्या पाकिटावर इवल्या आकारात वाचता येईल असा हवा, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा हवा. इंग्रजीत या प्रत्येक गरजेला पन्नास पर्याय सापडतात. आपल्याकडे अनेक खाती अजून रिकामी आहेत. पंचविशीतल्या माणसाला आपल्या भाषेत पहिलं असं काही करायला मिळेल, अशी किती क्षेत्रं उरली आहेत?

शिकायचं कुठे? जे. जे.चं उपयोजित कलेचं महाविद्यालय आहे, पवईचं आयडीसी आहे, अहमदाबादची एनआयडी आहे. फीचा आणि प्रवेशाचा प्रश्न मोठा आहे. पण फॉन्ट बनवायची फॉन्टफोर्जसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, आणि मुक्त परवान्याचे फॉन्ट उघडून त्यांची आतली रचना बघता येते. कुठल्या अक्षराला किती बिंदू आहेत, कोणत्या वेलांटीचं माप किती आहे, सगळं उघडं. जावजींच्या काळात पंच कुलपात राहायचा. बापूराव नाईक यांनी देवनागरीच्या मुद्रणावर केलेलं तीन खंडांचं काम, ल. श्री. वाकणकरांचं 'गणेशविद्या', ही पुस्तकं ग्रंथालयात बसून वाचता येतात. आणि सगळ्यात स्वस्त सराव म्हणजे बोरू किंवा तिरक्या टोकाचा मार्कर घेऊन 'व' काढणं, मग त्यातूनच 'ब' आणि 'क' काढून बघणं. एका अक्षरातून दुसरं कसं निघतं ते हाताला एकदा कळलं की पोर्टफोलिओत सात चकाचक पोस्टरं नसली तरी चालतात. मुलाखत घेणाऱ्याला, तो जाणकार असेल तर, तेवढं एक पान पुरतं.

एवढं सगळं असूनही महाराष्ट्रातली एक लिपी अजून संगणकावर जेमतेम रांगते आहे. मोडी. शतकानुशतकं हिशेब, सनदा, पत्रव्यवहार तिच्यात झाला, कागदांचे ढीग दफ्तरखान्यांत पडून आहेत. युनिकोडमध्ये तिला २०१४ साली जागा मिळाली. फॉन्ट आहेत, पण बोटांवर मोजता येतील इतकेच. अडचण मजेदार आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा, मग त्या रेघांना अक्षरं टांगत बोरू शक्यतो न उचलता पुढे सरकायचा, त्यामुळे एका अक्षराचा शेवट पुढच्याची सुरुवात ठरवायचा. आपली फॉन्टची यंत्रणा याच्या नेमकी उलट चालते. तिच्यात प्रत्येक अक्षर सुटं असतं आणि आपली रेघ आपणच डोक्यावर घेऊन येतं. धावत्या हाताचा तो ओघ सुट्या अक्षरांत कसा भरायचा? अरबी-उर्दूच्या फॉन्टकारांनी जोडून लिहायच्या लिपीसाठी काही युक्त्या शोधल्या आहेत, त्या इथे कितपत लागू पडतील? हे करायला मोडी वाचता येणारी, बेझिएच्या दांड्या ओढता येणारी आणि नियम लिहायचा कंटाळा नसलेली व्यक्ती लागेल. अशी माणसं सध्या फार नाहीत, त्यामुळे या जागेसाठी रांगही नाही.